भागूवहिनीची जागा

ही गोष्ट २००९ सालची. त्या वर्षी दिवाळी झाली, त्रिपुरी पौर्णिमाही झाली, आणि सगळे थंडीची वाट बघत असताना समुद्रात वादळ उठलं. कोकणात ते कुठं धडकणार हे टीव्हीवर सांगत होते. आमच्याकडे मुळशीच्या डोंगरात त्यानं नुसता पाऊस ओतला. कापून खाचरात पसरलेलं भात पाण्यावर तरंगायला लागलं. गवताच्या गंजी भिजून काळ्या पडल्या. धरणाचं पाणी दिसेनासं झालं. त्या जागी पांढरं धुकं आणि कुजक्या पेंढ्याचा वास एवढंच उरलं.

मी तेव्हा माहेरी होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर वर्षी दिवाळीनंतर महिनाभर मी आमच्या वाडीवर येऊन राहत असे. पुण्यात माझ्या मुलाचं, ऋषिकेशचं घर अकराव्या मजल्यावर आहे. तिथं मला झोप लागत नाही असं म्हटलं की तो हसायचा. "आई, तुला शेळ्यांचा आवाज रेकॉर्ड करून आणतो," म्हणायचा.

वाडी म्हणजे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सोंडेवर धनगरांची पाचसहा घरं. आमचं घर सगळ्यात शेवटचं. मागं शेळ्यांचा वाडा आणि त्याच्या मागं रान. घरात माझा थोरला भाऊ म्हसूदादा, त्याची बायको भागूवहिनी, मुलगा दादासाहेब, सून सोनाली आणि बालवाडीत जाणारी नात ऋतिका. मला लहानपणीच मावशीनं शिकायला पुण्याला नेलं होतं. तिथंच मी शिक्षिका झाले आणि तिथंच माझं लग्न झालं. त्यामुळं वाडीवरच्या कितीतरी गोष्टी मला ठाऊक होत्या, पण त्या करायचा हक्क मात्र मला नव्हता. अळंबी त्यातलीच.

पावसाळ्यात वारुळांच्या आसपास, गवतातून, रानाच्या कडेनं अळंबी उगवते. पांढरी छत्रं, मधे जरा करडं टोक, आणि मातीत खोल गेलेला लांब देठ. ती दर वर्षी त्याच जागी येते. वाडीतल्या प्रत्येक घराची अशी एक जागा असे आणि ती त्या घरातल्या एकाच बाईला ठाऊक असे. सासूनं ती सुनेला दाखवायची. तोंडानं सांगायची नाही. हाताला धरून न्यायचं आणि दाखवायची, तीही एकदाच. पुरुषांना दाखवायची नाही आणि लेकीला तर नाहीच. अळंबीला जाताना "भाजीला जाते" म्हणायचं. रानाच्या तोंडाशी चपला काढून ठेवायच्या, त्यांची बोटं घराकडे करून, आणि पुढं अनवाणी जायचं. पहिलं छत्र तिथंच वारुळावर ठेवायचं. आणि एकदा चपला काढल्या की कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. ओ दिली की जागा उघडी पडते आणि पुढल्या वर्षी तिथं काही उगवत नाही, असं सगळ्याजणी मानत.

मी सहासात वर्षांची असेन. आई पहाटे चपला घालून निघाली तशी मी तिचा पदर धरला.

"मलाबी ने की."

"तू लेक हायेस. उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील आन् जागा घिऊन जाशील तिकडं."

"न्हाई नेनार. शप्पत."

"गप चूल बघ. दूध उतू जाईल."

त्या दिवशी तिनं आणलेली अळंबी मला अजून आठवते. कांदा, लाल तिखट, मीठ, बाकी काही नाही. घरभर ओल्या मातीचा आणि मटणासारखा वास. नंतर शहरात मी पुष्कळ काही खाल्लं, पण तशी चव पुन्हा आली नाही. आईनं आपली जागा भागूवहिनीला दाखवली ती वहिनी नवीन लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात. दोघी परत आल्या तेव्हा आईनं ओटीतली अळंबी वहिनीच्या हाती दिली आणि स्वतः ओसरीवर बसून राहिली. मी तेव्हा सुट्टीला आले होते. आई एवढी गप्प का, ते मला तेव्हा समजलं नाही.

भागूवहिनीनं मात्र सोनालीला जागा दाखवली नाही. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली, ऋतिका झाली, तरी नाही. नळावर बाया सोनालीला डिवचायच्या.

"काय गं, सासूनं अजून भाजी न्हाई दावली? माप नीट वलांडलंस का न्हाईस?"

सोनाली उरवड्याच्या एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला जायची. तिला उत्तर द्यायला वेळ लागत नसे. "आमच्या पिरंगुटात प्याकेटात मिळती की अळंबी. पांढरीफेक. ना चिखल, ना सासू."

बाया खूप हसल्या. हे बोलणं संध्याकाळच्या आत वहिनीच्या कानावर गेलं.  त्या दिवशी सोनालीच्या हातचा चहा तिनं घेतला नाही.

त्याच महिन्यात एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी विचारलं, "वहिनी, का नाही दाखवत तिला?"

तिनं सूप खाली ठेवलं. "खरं सांगू वन्सं? दावली की माजं काय ऱ्हातं? शेळ्या ह्यांच्या. घर दादासायबाच्या नावावर. चूल बी आता तिचीच हाय, मीठ कुटं ठिवलंय ते मला इचारावं लागतं. तेवढी एक जागा माजी हुती. म्हनलं, ऱ्हाऊ द्यावं अजून एक साल. मग अजून एक साल."

"आणि आता?"

"आता दावायचं म्हनलं तर काय दावू? गेटवरचा वाचमन?"

कारण जिथं वहिनीची जागा होती तो माळच राहिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी भाऊबंदांनी मिळून तो पुण्याच्या कुणाला तरी विकला होता. दादासाहेबानंही सही केली. तिथं बंगल्यांचे प्लॉट पडले. भिंत आली, इंग्रजी नावाची पाटी आली. बुलडोझरनं सगळी वारुळं सपाट केली आणि वर विकतचं गवत लावलं. वहिनी तो पहिला पावसाळा रोज भिंतीबाहेरून चालत जायची आणि यायची. मग तेही थांबलं. सोनालीला द्यायला आपल्याजवळ काही उरलं नाही, हे तिला आतून खात होतं. सून घरात आहे, कामाला जाते, पोर सांभाळते, पण आपण तिला घरची केली नाही आणि आता करताही येणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. एरवी तोंडानं तिखट बाई, पण त्या वर्षी सोनालीशी बोलताना नजर चुकवायची.

पाऊस थांबला त्या दिवशी एक पाट, अजून न व्यालेली शेळी, वाडा सोडून वर गेली. वहिनी तिला शोधायला गेली आणि अंधार पडायच्या वेळी पाटीला ओढत परत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पण चेहरा असा, की मी विचारलं, "काय झालं?"

"कुटं काय? शेरडू घावलं."

आणि शेळी बांधताना ती काहीतरी गुणगुणत होती. भागूवहिनीला गुणगुणताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाली डबा भरत होती. वडापची जीप खालच्या वळणावर येते, तिला गाठायची घाई. वहिनी चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आज सुट्टी घे."

"का वं?"

"असंच."

"आई, असंच म्हनून आमचा सुपरवायझर ऐकत न्हाई. पावसानं आधीच खाडे झाल्यात."

"एक दिस न्हाई गेलीस तर कारखाना पडनार हाय का?"

"काम काय हाय ते तरी सांगा. भात उलथायचंय? म्या सांजच्याला उलथते."

वहिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. ते सांगायचं नसतं ना. माझ्याकडं पाहिलं, म्हसूदादाकडं पाहिलं. आम्ही दोघं समोरच बसलो होतो. मी शहाणी असते तर तेव्हाच उठून बाहेर गेले असते. पण कार्तिकात अळंबीचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? घट बसले की त्या भाजीचं नाव कुणी काढत नसे.

"काई काम न्हाई," वहिनी म्हणाली. "जा. तुजी जीप जाईल."

सोनाली गेली. वहिनी थोडा वेळ उंबऱ्यात उभी होती. मग तिनं खांद्यावर घोंगडं टाकलं. "भात बघून येते," म्हणाली. भाजीचं नाव घेतलं असतं तर मी ओळखलं असतं. म्हणूनच बहुतेक घेतलं नाही.

दुपारी ती जेवायला आली नाही. म्हसूदादा म्हणाला, "खाचरात असंल." दादासाहेब खाचरातून आला तो म्हणाला, "आई तितं न्हाई." चार वाजता पुन्हा धुकं उतरलं. सोनाली जीपमधून उतरून वर आली तेव्हा आम्ही सगळे अंगणात उभे होतो. तिनं डबा तसाच ओसरीवर टाकला.

मग हाका. दादासाहेबानं मारल्या, कुशाबा शेजारच्या घरातून आला त्यानं मारल्या. त्याचा आवाज खोऱ्याच्या पलीकडं जातो. म्हसूदादा तर "भागे, ए भागे," असा ओरडत होता. भरल्या अंगणात त्यानं तिचं नाव घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मीही हाका मारल्या. बॅटऱ्या घेऊन सगळे खाचरं, ओढा, धरणाकडची वाट बघून आले. कुठूनही ओ आली नाही. ती रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही. थंडी मात्र होती. पावसानंतरची, हाडात शिरणारी.

सकाळी कुशाबा म्हणाला, "जुन्या माळावर गेली असंल. बायामानसांचं मन तितंच." तिची जागा त्या माळावर कुठंतरी होती एवढं आता सगळ्यांना ठाऊक होतं. माळ विकल्यावर लपवायला काय उरलं होतं? तो आणि दादासाहेब गेटवर गेले. वाचमन त्यांना आत सोडेना. "इधर कोई बुढ़िया नहीं आया. साब लोग का एरिया है," म्हणाला.

कुशाबा नंतर कितीतरी दिवस हे सांगायचा. "सायेब लोकांचा एरिया! म्हनलं, भाड्या, माज्या आज्याची मेंढरं ह्या एरियात मुतायची." शेवटी कुणाला तरी फोन लावून ते आत गेले. सगळं हिरवंगार, कापलेलं गवत. वहिनी तिथं नव्हती. पण त्यात अर्धी सकाळ गेली.

सोनाली त्यांच्याबरोबर गेली नव्हती. ती ओसरीच्या पायरीवर बसली होती, ऋतिकाचं डोकं मांडीवर घेऊन. एकाएकी म्हणाली, "आत्या, काल आई मला सुट्टी घे म्हनत हुत्या."

"हो."

"काम सांगंनात. मी लई इचारलं, तुमी हुता की. आईनी कंदी अशी गोष्ट पोटात न्हाई ठिवली. शेन काढायचं असलं तरी दोनदा वराडून सांगत्यात." ती उठून उभी राहिली. "त्या भाजीला गेल्यात."

"कार्तिकात?"

"ऊन, मग पाऊस, परत ऊन. भुईला काय कळतंय कार्तिक हाय का भादवा? आन् परवा पाट वर गेलती तवा आई हासत आल्या." तिचा चेहरा उतरला. "आत्या, आपुन रातभर हाका मारल्या. त्या ओ देनार हायेत का?"

ऋतिकाला कुशाबाच्या घरी सोडून आम्ही दोघी निघालो. शेळ्यांच्या वाटेनं वर. एकही हाक मारली नाही. माझे गुडघे दुखत होते आणि सोनाली मधूनमधून मागं वळून हात देत होती. गवत कापलेल्या सड्यावर पाणी साचलं होतं, दगड शेवाळलेले. वरच्या अंगाला, जिथं गवत संपतं आणि कारवीचं रान सुरू होतं, तिथं फार पूर्वी कोळसा पाडणारे लोक यायचे. त्यांच्या भट्ट्यांचे खड्डे अजून आहेत, गवतानं झाकलेले. गुराख्यांशिवाय तिकडं कुणी फिरकत नाही.

तिथं रानाच्या तोंडाशी एका दगडावर वहिनीच्या चपला होत्या. टायरच्या, एकीचा अंगठा तारेनं शिवलेला. बोटं घराकडं.

सोनालीनं आपल्या चपला काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या, तशाच. माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली आणि दगडापाशी थांबले. ती कारवीत शिरली. थोडा वेळ पाचोळ्याचा आवाज आला आणि मग वहिनीचा. इतका बारीक, की आधी मला पाखरू वाटलं.

"कोन?"

"मी, सोनाली."

"एकटीच हायेस न्हवं?"

"व्हय. एकटीच."

धुक्यानं मला खोकला येत होता. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

आत पुढं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. एकदा वहिनी जरा मोठ्यानं म्हणाली, "आदी ते बघ. वारुळाच्या मागं. बघितलंस?" मग दोघींची कुजबुज. सोनाली नाही म्हणत होती, वहिनी हट्टानं काहीतरी सांगत होती. "गडी हितं यायचं न्हाईत," एवढं मी ऐकलं. नंतर घासत, ओढत काहीतरी आणल्याचा आवाज आणि त्यात वहिनीचं कण्हणं. मी उठले, दोन पावलं पुढं गेले. तोवर कारवीतून सोनालीची पाठ दिसली. उलट्या पावलांनी येत होती, वाकलेली. घोंगड्यावर वहिनीला निजवून ते ओढत होती. वहिनीचा एक पाय भलतीकडंच वळला होता. ओठ निळे. पोटाशी मात्र तिनं दोन्ही हातांनी ओटी धरली होती आणि ओटीत अळंबी होती. पांढरी, मातीची, कालचीच.

दगडापाशी आल्यावर वहिनीनं डोळे उघडले. "वन्सं कवा आल्या?"

"आत्ताच," सोनाली म्हणाली.

वहिनी आमच्या दोघींकडं पाहत राहिली. "लबाड," म्हणाली आणि तिचे ओठ जरा हलले. ते हसू होतं की थंडी, मला सांगता येणार नाही.

मग सोनालीनं ओटीतली अळंबी आपल्याकडं लपवून घेतली, सासूच्या चपला उचलून कमरेला खोचल्या, सड्यावर येऊन उभी राहिली आणि नवऱ्याला हाका मारल्या. गडी माणसं आली. "कुटं घावली?" दादासाहेबानं विचारलं.

"हितंच. ह्या दगडापाशी."

कुणीतरी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो. इथंच."

बांबूला घोंगडं बांधून झोळी केली आणि तिला खाली नेलं. पौडला दाखवून जीप तशीच पुण्याच्या दवाखान्यात. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि छाती गारठ्यानं भरली होती. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, "रात्रभर ओल्यात पडून राहिल्या. वयही आहे. त्यात मोडलेलं हाड ओढाताणीनं आत फार सरकलंय, आत रक्त साकळलंय. पडल्या तिथून त्यांना हलवायला नको होतं."

"पडली तितनंच उचलली की," दादासाहेब म्हणाला.

"त्यांची पाठ सोलून निघाली आहे. ओढत आणलंय कुणीतरी."

दादासाहेब सोनालीकडं वळला. ती भिंतीला टेकून उभी होती. हातांचे तळवे घोंगड्यानं कापले होते.

"तू वढलीस तिला?"

"व्हय."

"का?"

तिनं तळवे मिटून घेतले.

"अगं का? मी खालीच हुतो. एक हाक मारायची. आमी चौघं उचलून आनली असती. का वढलीस?"

ती जमिनीकडं पाहत राहिली. कारण सांगायचं तर जागा सांगावी लागली असती आणि जागेसाठीच तर हे सगळं झालं होतं. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिनं नुसती मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी गप्प बसले. ती गोष्ट त्या दोघींची होती. त्या घराच्या लेकीला तिथं बोलायला जागा नव्हती.

वहिनीजवळ दुपारच्या वेळी मी बसत असे. एकदा तिला बरं वाटत होतं तेव्हा मी विचारलं, "आमच्या हाका ऐकल्या नाहीत?"

"ऐकल्या की. समद्यांच्या ऐकल्या. दादासायबाची, कुशाबाची. कुशाबानं तर कान फोडलं. ह्यांचीबी ऐकली." तिनं पांघरूण वर ओढलं. "भागे म्हनत हुते. म्हनलं, आता ह्या वयात नाव घ्याया लागलं. तुमचीबी ऐकली वन्सं. तुमचा आवाज अजून मास्तरनीचाच हाय."

"मग ओ का नाही दिलीत?"

"ओ दिली असती तर समदी वाडी आली असती तितं. बॅटऱ्या घिऊन. इक्त्या वरसांनी एक जागा घावली, ती तुडवून टाकली असती. म्हनलं, उजाडंल, खड्ड्यात मुरगाळल्याला पाय हालंल, जाईन आपली हळूहळू. सकाळी बोलवावं म्हनलं तर आवाजच निघंना." मग डोळे मिटून म्हणाली, "वन्सं, तिला म्हनावं, ती भाजी शिळी ऱ्हात न्हाई. करून पोरीला घाल म्हनावं."

पण घरी ती कुणी केली नाही. दवाखान्याच्या येरझाऱ्यांत सोनालीला चूल पेटवायला सवड कुठं होती? ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं ती टोपलीत ठेवली होती, सासू घरी आल्यावर करायची म्हणून. तिसऱ्या दिवशी तिचं काळं पाणी झालं. सोनालीनं ते फडक्यासकट उकिरड्याच्या कडेला खड्डा करून पुरलं. हात धुताना ती कितीतरी वेळ तशीच वाकलेली राहिली.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. दवाखान्यातल्या आया आपल्या घरच्या घटाचं, नारळ कितीला मिळाला त्याचं बोलत होत्या. त्या वेळी भागूवहिनी गेली.

तिच्यामागं म्हसूदादा फार दिवस राहिला नाही. शेळ्या विकल्यावर तो ओसरीवर बसून रानाकडं बघत असायचा, आणि माघ संपायच्या आत तोही गेला. कुशाबा आपला वाटा विकून मुलाकडं पिरंगुटला राहायला गेला. तिथं दोन खोल्यांत त्याचा आवाज मोठा होतो म्हणून सून ओरडते, असं तो मला एकदा भेटला तेव्हा म्हणाला. दादासाहेबाला जुन्या माळावरच्या बंगल्यांची देखभाल करायचं काम मिळालं. विकतच्या गवताला पाणी घालायचं, पाचोळा गोळा करायचा. बायकोशी तो कामापुरतं बोलतो. आईला तिनं का ओढलं, ते त्याला आजवर ठाऊक नाही, आणि तो आता विचारतही नाही. ऋतिका वाडीवर राहिली नाही. शाळेसाठी तिला सोनालीच्या आईकडं ठेवली. मी गुडघ्यांमुळं हल्ली अकराव्या मजल्यावरच असते. तिथल्या बाजारात प्लास्टिकच्या डब्यातली अळंबी मिळते, पण मी घेत नाही.

आणि सोनाली. पुढल्या वर्षी, २०१० च्या भाद्रपदात, मी वाडीवर गेले होते ते माझं तिथलं शेवटचं जाणं. एका सकाळी उठले तर तिची कारखान्याची पिशवी खुंटीला तशीच होती आणि दाराजवळ चपलांचा एक जोड कमी होता. तिच्या स्वतःच्या तिथंच होत्या. नव्हत्या त्या वहिनीच्या, टायरच्या, तारेनं शिवलेल्या.

दादासाहेब अंगणात दात घासत होता. त्यानं आत डोकावलं, मग रानाकडं तोंड करून हाक मारली. "सोनाली!"

धुक्यातून काही आलं नाही.

"ए सोनाली! जीप जाईल की तुजी!" तो माझ्याकडं वळला. "कुटं गेली ही, आत्या?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा हाक मारली, आणखी एकदा मारली. चूळ भरली आणि चिडून आत निघून गेला. मी पायरीवर बसून राहिले. वर कारवीच्या कडेला धुकं दाट होतं आणि तिकडून कुणीही ओ देत नव्हतं.